कारशिवाय नागपूर आणि आसपास: आधी परतीची गाडी, मग ठिकाण

गाडी नसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, "तिथं जायला काय आहे?" हा प्रश्न चुकीचा आहे. सकाळी जायला सगळंच असतं. पंचाईत होते ती संध्याकाळी पाचनंतर फाट्यावर उभं राहिल्यावर. म्हणून ठिकाण निवडताना आधी परतीची सोय पाहायची आणि पाहण्यासारखं काय आहे ते नंतर.

त्यासाठी एक सवय लावून घ्या. ठरलेल्या ठिकाणी उतरलात की स्टँड सोडण्याआधी चौकशी खिडकीवर दोन वेळा विचारून घ्यायच्या: नागपूरची शेवटची बस किती वाजता, आणि तिच्या आधीची किती वाजता. तुमची बस ती आधीची. शेवटची हातचा म्हणून ठेवायची, कारण ती रद्द झाली तर मागे काहीच नसतं. लहान गावात आणखी एक फसगत होते. संध्याकाळी सात-साडेसातला नागपूरहून एसटी येताना दिसते आणि वाटतं, हीच परत जाईल. ती मुक्कामी गाडी असते. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावातच झोपतात आणि बस निघते ती पहाटे. त्यामुळे "ही बस परत जाते का, की मुक्कामी आहे?" हे विचारल्याशिवाय तिच्या भरवशावर राहू नका.

शक्य असेल तिथं जाताना रेल्वे आणि येताना एसटी, असा हिशेब ठेवा. सकाळची ट्रेन पकडता येते. दुपारच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना उशीर झाला तर प्लॅटफॉर्मवर ताटकळण्यापलीकडे काही उरत नाही. एसटीचं तसं नसतं, एक चुकली तर दुसरी येते. भाड्याचंही बघा. राज्यात एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं, आणि सुटे पैसे सगळ्यांनीच.

सेवाग्राम आणि पवनार: एका दिवसाची सगळ्यात चांगली फेरी

जुनी घरं बघायची आवड असेल आणि एकच दिवस असेल, तर वर्ध्याकडे जा. नागपूरहून रेल्वेने साधारण सव्वा ते दीड तास लागतो. इथं लोक पहिली चूक स्टेशनाची करतात. बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाड्या सेवाग्रामवरून वळतात, वर्धा जंक्शनला जातच नाहीत. भुसावळकडच्या गाड्या वर्ध्याला जातात. गांधीजींच्या आश्रमासाठी सेवाग्राम स्टेशन जास्त सोयीचं आहे, तिथून आश्रम ऑटोने ५-६ किलोमीटरवर आहे.

दुसरी चूक तिकिटाची. जनरल तिकीट काढताना खिडकीवर गाडीचं नाव सांगा. सुपरफास्टला वेगळा अधिभार लागतो, आणि साध्या तिकिटावर तिच्यात चढलात तर दंड बसतो. जनरल तिकीट घेऊन रिझर्व्हेशनच्या डब्यात बसलात तरी तेच, भाड्यावर किमान २५० रुपये. एवढ्या जवळच्या अंतराचं जनरल तिकीट काढल्यापासून तीन तासांत प्रवास सुरू करावा लागतो. आदल्या रात्री काढून ठेवलेलं तिकीट सकाळी चालत नाही.

आश्रमात नऊच्या आत पोचा, सहलींच्या बसेस त्यानंतर येतात. गांधीजी इथं १९३६ मध्ये आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. संत गजानन महाराजांच्या शेगावशी घोळ होऊन टपाल चुकायचं, म्हणून पुढे सेवाग्राम हे नाव पडलं. बहुतेक लोक थेट बापू कुटीकडे धावतात. तसं न करता आदी निवासापासून सुरुवात करा, हे इथलं पहिलं घर. आजूबाजूला मिळणाऱ्या सामानातूनच बांधायचं आणि खर्च शंभर रुपयांवर जाऊ द्यायचा नाही, या अटीवर ते उभं राहिलं. माती, बांबू आणि वर कवेलू, म्हणजे कौलं. ते पाहून बा कुटी आणि बापू कुटीकडे गेलात की एकच बांधणी माणसागणिक कशी बदलते ते कळतं.

बापू कुटी आधी गांधीजींच्या शिष्या मीराबेननी स्वतःसाठी बांधली होती. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर द्या. मग भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा दिसू लागतो. उन्हातून येऊन दारातूनच वळणाऱ्यांना हे दिसत नाही. कार्यालयाच्या खोलीत टेलिफोन आहे, व्हाइसरॉयला थेट बोलता यावं म्हणून बसवलेला. तिथंच साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि त्याला ठेवायचा पिंजरा आहे. साप मारायचा नाही, पकडून लांब सोडायचा, असा नियम होता. सगळ्या आश्रमात या एका वस्तूसमोर मुलं सर्वांत जास्त वेळ थांबतात. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि एप्रिलनंतर दुपारी अंगणातली जमीन पाय भाजते, म्हणून मोजे घालून जा.

आश्रमाला दोन तास पुरतात. तिथून वर्धा शहर आठेक किलोमीटर, शेअर ऑटो मिळतात. शहरात मगन संग्रहालय बघा. १९३८ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय खादी आणि ग्रामोद्योगाला वाहिलेलं आहे. चरख्यांचे इतके प्रकार एका जागी क्वचितच दिसतात. जेवण वर्ध्यातच उरका आणि गोरस भांडारचा गोरसपाक बांधून घ्या, पुढे बसमध्ये तोच कामाला येतो.

परतताना पवनार, म्हणजे विनोबांचा आश्रम. ते वर्धा-नागपूर रस्त्यावरच आहे, पण प्रत्येक बस तिथं थांबत नाही. विनावाहक आणि विनाथांबा बसचं तिकीट स्टँडवरच फाडलं जातं, तिच्यात चुकूनही चढू नका, थेट नागपूरला उतराल. साधी गाडी घ्या आणि कंडक्टरला "भाऊ, पवनार आश्रम" असं पूर्ण सांगा. नुसतं पवनार म्हटलं की गावाच्या थांब्यावर उतरवतात आणि नदीपर्यंत पायदळ जावं लागतं.

उद्योगपती जमनालाल बजाजांच्या इथल्या बंगल्यात विनोबा १९३८ मध्ये प्रकृती सुधारायला म्हणून आले आणि इथलेच झाले. धाम नदी ओलांडून पलीकडे, म्हणून आश्रमाचं नाव परंधाम. जमीन खणताना सापडलेल्या जुन्या मूर्ती आवारातच मांडल्या आहेत, त्यात भरत-रामाची भेट अवश्य पाहा. ब्रह्मविद्या मंदिर १९५९ चं. इथं आजही साधिका राहतात, म्हणून आवाज खाली ठेवा आणि जिथं पाटी लावली आहे तिथून पुढे जाऊ नका. नदीकाठ सुंदर आहे, पण पावसाळ्यात खडक शेवाळलेले असतात, त्यांच्यावर उतरू नका. साडेचारला रस्त्यावर येऊन उभे राहा. हात दाखवूनही भरलेल्या बसेस थांबत नाहीत, तेव्हा तासभर हाताशी ठेवा. अंधार पडू लागला तर थांबून राहण्यात अर्थ नाही. ऑटोने वर्ध्याला परत जा आणि तिथून बसा.

दोन काळ टाळा. दसऱ्याच्या आसपासचे दोन-तीन दिवस दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांनी नागपूरच्या गाड्या भरून वाहतात, तेव्हा जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते. आणि मे महिना. त्याचं वेगळं कारण सांगायला नको.

रामटेक

नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटर. इतवारीहून रामटेकला लोकल गाडी जाते. ती स्वस्त आहे, पण फेऱ्या मोजक्या, त्यामुळे आदल्या दिवशी वेळ बघूनच निघा. बहुतेकांना गणेशपेठच्या मुख्य स्टँडवरून एसटीच बरी पडते. रामटेकची पाटी असलेली बस दिसत नसेल तर जबलपूर, शिवनी किंवा देवलापारकडे जाणारी कुठलीही घ्या आणि मनसरला उतरा. तिथून सहा-सात किलोमीटरसाठी शेअर ऑटो असतात. येतानाही हीच युक्ती चालते. रामटेकहून बस नसेल तर मनसरच्या हायवेवर या, तिथं पर्याय जास्त.

गडावर वाहनाचा रस्ता आहे आणि पायऱ्याही आहेत. ऑटोने वर जा आणि अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्या उतरा, उलटं करू नका. चढताना सगळा दम पायऱ्यांत जातो आणि मंदिरं बघायला जोर उरत नाही. उतरताना तलाव आणि त्याच्या काठची देवळं सतत समोर राहतात. वर रामाच्या मुख्य मंदिरापाशीच सगळे थबकतात. त्याआधी लागणारी नृसिंहाची दोन लहान मंदिरं आणि लाल वालुकाश्माचा प्रचंड वराह मात्र त्याहून फार जुने, वाकाटक राजांच्या काळातले. केवल नृसिंह मंदिराच्या भिंतीवर वाकाटकांचा शिलालेख आहे. कोनातून पडणाऱ्या सकाळच्या उजेडात अक्षरं उठून दिसतात, दुपारी सपाट होतात.

वानरांपासून सावध राहा. काळतोंडी वानरं प्रसादाची पिशवी ओळखतात. नारळ-फुलं हातात न धरता पाठीवरच्या बंद पिशवीत टाका, आणि ओढाताण झालीच तर पिशवी सोडून द्या. त्रिपुरी पौर्णिमेला आणि रामनवमीला गडावर जत्रा असते. देवाला जायचं असेल तर ते दिवस, शिल्पं बघायची असतील तर ते दिवस सोडून.

शहरातला महाल, पायदळ

महाल म्हणजे नागपूरचं जुनं शहर. मेट्रोने कॉटन मार्केटला उतरा. रमण विज्ञान केंद्रावरून गांधीसागर, म्हणजे जुना शुक्रवारी तलाव, तिथून गांधी गेट. हा शुक्रवारी दरवाजा, जुन्या शहराच्या वेशीचा. आत शिरलात की टिळक पुतळा, बडकस चौक, नागपूरच्या भोसले राजांचा वाडा, जवळच रुक्मिणीचं कोरीव मंदिर. शेवट उत्तरेला सेंट्रल अव्हेन्यूवर, चितार ओळीला. तिथं मूर्तिकारांची घरं आहेत आणि गणपतीच्या आधी दोन महिने गल्लीभर ओल्या मातीचे धड वाळत घातलेले असतात. तिथूनच मेट्रो.

सकाळी सात ते दहा हीच वेळ. दहानंतर दुकानं उघडतात आणि दुचाक्यांतून वाट काढण्यातच लक्ष जातं. वाडे हे राहती घरं आहेत. दरवाजा उघडा दिसला म्हणून आत जायचं नाही. बाहेरून लाकडी खांब, तुळया आणि सज्जे बघा, फोटोआधी विचारा. विचारलं तर बहुधा कोणी नाही म्हणत नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा हा सगळा भाग बंद असतो. त्या दिवशी मिरवणुकीसाठी या, नाहीतर येऊच नका.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली ती याच टेकड्यांवर. लोकांना तो वर्षातून तीनदाच खुला असतो: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. जायचं तर जानेवारीत जा. मेमध्ये खडकावर सावली नसते, ऑगस्टमध्ये छत्री सांभाळत रांगेत उभं राहावं लागतं. ओळखपत्र न्या.

बागा, थोडक्यात

भोसल्यांचा महाराजबाग आता कृषी महाविद्यालयाच्या आवारात आहे, सीताबर्डी स्टेशनहून चालत वीसेक मिनिटं. तो आणि अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, दोन्ही सोमवारी बंद असतात. बाहेरगावचे पाहुणे नेमके सोमवारीच मोकळे असतात, त्यामुळे आधी वार बघा. अजब बंगल्याकडून झिरो माइलचा १९०७ चा खांब आणि तिथले घोड्यांचे चार पुतळे चालत गाठता येतात.

फुटाळा तलाव, तेलंगखेडी बाग आणि सेमिनरी हिल्सच्या टेकडीला मेट्रो थेट जात नाही. शंकर नगर किंवा एलएडी चौकात उतरून ऑटो, नाहीतर सायकल. मेट्रोत सायकल नेता येते आणि नागपूरकर या सोयीचा पुरेसा फायदा घेत नाहीत. लिफ्टने वर चढवा आणि गाडीत एका हाताने ब्रेक दाबून धरा, नाहीतर वळणावर ती शेजारच्याच्या पायावर जाते. सेमिनरी हिल्सचा चढ आधी घ्या, फुटाळा शेवटी.

संत्र्याच्या बागा बघायच्या तर इटारसी मार्गावरच्या गाडीने कळमेश्वर किंवा काटोल. संत्र्याचे दोन बहार असतात: आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. मधल्या काळात नुसती हिरवी झाडं दिसतील. बागा खासगी असतात. बांधावरून बघा आणि मालक दिसला तर हाक मारून विचारा. विकत घेणार असाल तर स्वतःची कापडी पिशवी हवी. कळमेश्वरहून धापेवाड्याचं विठ्ठल मंदिर आणि आदासाचा गणपती एका ऑटोत होतात. ऑटो येण्या-जाण्याचा आणि थांबण्याचा धरून आधीच ठरवा, कारण आदासाच्या टेकडीखाली परतीचं रिकामं वाहन मिळेल याचा नेम नाही.