सेशेल्सला निघालात? बोटी, वारा आणि कासवं यांच्या बाबतीत या चुका टाळा

सेशेल्सहून परतलेल्या लोकांशी बोललं तर हॉटेलबद्दल तक्रार क्वचितच ऐकू येते. तक्रार असते समुद्राची. बोट ऐनवेळी रद्द झाली, फेरीबोटीत सगळं घर आडवं झालं, फोटोत होतं तसं पाणीच नव्हतं, कासव दिसलं पण लगेच पाण्यात गेलं. यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी तिकीट काढतानाच ठरून गेलेल्या असतात. आपण सहल आपल्या सुट्ट्यांवर बेततो आणि तिथला दिवस मात्र वारा आणि भरती-ओहोटीच्या हिशोबाने चालतो.

वाऱ्याकडे न बघता महिना ठरवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो. माहे, प्रास्लिन आणि ला दीग ही मुख्य बेटं विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम चार-पाच अंशांवर आहेत. तापमान बाराही महिने साधारण २४ ते ३२ अंशांच्या मधे असतं, त्यामुळे ‘कधीही या, हवा सारखीच’ असं बिनधास्त सांगितलं जातं. तापमानापुरतं ते खरंही आहे. समुद्राचं तसं नाही.

मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून जोरदार वारे वाहतात. पाऊस कमी, उकाडा कमी, म्हणून हा ‘चांगला सीझन’ समजला जातो, पण नेमक्या याच महिन्यांत समुद्र खवळलेला असतो. डिसेंबर ते मार्च वारा वायव्येकडून येतो, पाऊस वाढतो, दमटपणा अंगाला चिकटतो. या दोन्हींच्या मधे, म्हणजे एप्रिलच्या आसपास आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वारा पडतो. पाणी शांत आणि नितळ होतं. बोटीने फिरणं आणि पाण्याखालचं बघणं हाच तुमचा हेतू असेल तर हे महिने धरा. पोहण्याशी फारसं देणंघेणं नसेल, नुसतं डोंगरात आणि किनाऱ्याने भटकायचं असेल, तर जुलै-ऑगस्टमध्येही मजा आहे.

मुलांच्या शाळेमुळे महिना बदलता येत नसेल तर किनारा बदला. हॉटेल ठरवण्याआधी नकाशा उघडा आणि त्या किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा. आग्नेय वाऱ्याच्या दिवसांत माहेचा बो व्हॅलाँ आणि प्रास्लिनचा आन्स लाझियो हे वायव्येकडचे किनारे आडोशाला येतात आणि तिथे पाणी शांत असतं. त्याच वेळी ला दीगच्या ग्रांद आन्सवर पुरुषभर लाटा फुटत असतात. तिथे पाण्याच्या ओढीबद्दल धोक्याच्या पाट्या लावलेल्या आहेत आणि त्या उगाच लावलेल्या नाहीत. डिसेंबरनंतर हे गणित बरोबर उलटं होतं.

तिथे पोचल्यावर हॉटेलसमोरचा किनारा वाहून आलेल्या शेवाळाने भरलेला दिसला तर रिसेप्शनवर वाद घालण्यात अर्थ नाही. ते शेवाळ वाऱ्याने आणलेलं असतं. बस पकडून बेटाच्या पलीकडच्या बाजूला जा. बेटं एवढी लहान आहेत की तासाभरात दुसराच समुद्र समोर येतो.

फेरीबोटीत पुढची खिडकी पकडणं

माहेहून प्रास्लिनला जाणारी जलद फेरीबोट साधारण तासाभरात पोचवते. शांत दिवशी काहीच जाणवत नाही. आग्नेय वाऱ्यात मात्र हाच तास संपता संपत नाही. बोट लाटेवर चढते, क्षणभर थांबल्यासारखी वाटते आणि आपटते. कर्मचारी कागदी पिशव्या घेऊन रांगांमधून फिरायला लागतात, आणि एकाला उलटी झाली की आजूबाजूच्या चौघांचं पोट ढवळायला लागतं.

पुढच्या भागात बसून छान दृश्य दिसेल असं वाटतं, पण सगळ्यात जास्त आपटतो तोच भाग. खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा मागच्या बाजूला बसा. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइल खिशात. डायमेनहायड्रिनेट किंवा मेक्लिझिनसारखी गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात टिकतच नाही. झोप येते, म्हणून उतरल्यावर लगेच गाडी चालवायची असेल तर विचार करा, आणि लहान मुलं किंवा गरोदर बाई बरोबर असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. उपाशीपोटी बसणंही वाईट आणि भरपेट नाश्ता करून बसणंही वाईट. कोरडं, हलकं काहीतरी खा.

ज्यांना हे झेपणारच नाही त्यांच्यासाठी माहे ते प्रास्लिन छोटं विमान आहे, पंधरा-वीस मिनिटांत उतरवतं. प्रास्लिन ते ला दीग मात्र बोटच. पण तो प्रवास पाव तासाचा आहे, फारसा त्रास होत नाही.

लहान स्पीडबोटीच्या सहलीत तर पुढे बसूच नका, विशेषतः पाठीचं दुखणं असेल तर. लाटेवरून बोट खाली आदळते तेव्हा सगळा दणका मणक्याला बसतो.

बोटीची सहल शेवटच्या दिवसावर ढकलणं

आधी आराम, मग फिरणं, असा क्रम बहुतेक जण लावतात आणि प्रास्लिनजवळच्या कझिन किंवा क्युरियूज या छोट्या बेटांची सहल शेवटच्या दिवशी ठेवतात. त्या दिवशी वारा सुटला की संपलं. क्रम उलटा करा. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बोटीवाल्याला गाठा आणि ‘या आठवड्यात कुठला दिवस बरा वाटतोय?’ असं त्यालाच विचारा. तारीख तुम्ही सांगितलीत तर तो हो म्हणेल, कारण त्याचाही धंदा आहे. दिवस निवडायला त्याला सांगितलंत तर खरं उत्तर मिळतं.

कझिन बेटाचं वेगळं गणित आहे. १९६८ साली हे बेट पक्षी वाचवण्यासाठी विकत घेतलं गेलं, तेव्हा सेशेल्स वॉर्ब्लर हा छोटा पक्षी जगात तिशीच्या आत उरला होता आणि तो फक्त इथेच होता. आज तो आणखी काही बेटांवर नेऊन सोडलेला आहे आणि चांगला वाढला आहे. बेट पाहुण्यांसाठी सोमवार ते शुक्रवार, तेही सकाळीच उघडं असतं. शनिवार-रविवार धरून आखलेली सहल इथेच फसते.

शिवाय तुमची बोट बेटाला लागत नाही. ती बाहेर थांबते, रक्षकांची बोट येते, तुम्ही हलत्या बोटीतून तिच्यात उतरता आणि ती जोर घेऊन सरळ वाळूवर चढते. बाहेरच्या बोटीतून एखादा उंदीर बेटावर उतरू नये म्हणून हा सगळा खटाटोप. अंगावर पाणी उडणारच, त्यामुळे कॅमेरा तोंड बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत हवा. आणि डास! झाडीत शिरलं की असे तुटून पडतात की अर्ध्या चड्डीतले पाहुणे माहिती ऐकण्याऐवजी टाळ्याच वाजवत बसतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डासांचं मलम बरोबर असू द्या.

पक्षी उडत नाही म्हणजे त्याला चालतंय असं समजणं

कझिनवर पांढऱ्या शेपटीचा ट्रॉपिकबर्ड झाडाच्या बुंध्याशी, जमिनीवरच अंड्यावर बसलेला असतो. तुम्ही दोन हातांवर आलात तरी जागचा हलत नाही. लोकांना तो माणसाळलेला वाटतो आणि मोबाइल त्याच्या चोचीपर्यंत जातो. तो अंडं सोडू शकत नाही म्हणून बसलाय, एवढंच. पांढरी फेअरी टर्न तर घरटंच करत नाही, उघड्या फांदीच्या खोबणीत एकच अंडं ठेवते. तेव्हा फोटोसाठी झाडाला टेकू नका, फांदीला लोंबकळू नका.

कासवांच्या बाबतीत हीच चूक जास्त नुकसान करते. हॉक्सबिल कासवं जगात बहुतेक ठिकाणी रात्री अंडी घालतात, सेशेल्समध्ये मात्र दिवसाढवळ्या किनाऱ्यावर येतात. ऑक्टोबर ते जानेवारी हा मुख्य हंगाम. म्हणजे टॉर्च घेऊन रात्र जागवायची गरज नाही, सकाळी किनाऱ्याने चालताना गाठ पडू शकते. गाठ पडली की लोक समोरून धावत जातात आणि मादी वळून पाण्यात निघून जाते. पाण्यातून वर येताना आणि खड्डा खणताना ती अतिशय सावध असते. दिसताक्षणी जागच्या जागी खाली बसा, तिच्या मागच्या बाजूला राहा, लांब राहा. अंडी घालायला सुरुवात झाली की ती सहसा उठून जात नाही, पण तेव्हाही तिच्या डोळ्यांसमोर येऊ नका आणि फ्लॅश नको. पिल्लं समुद्राकडे निघालेली दिसली तर उचलून पाण्यात सोडण्याचं पुण्य घेऊ नका. त्यांची वाट मोकळी ठेवली की झालं.

क्युरियूजवरची जमिनीवरची महाकाय कासवं वेगळी. १९७८ ते १९८२ या काळात ती सेशेल्सच्याच दूरच्या अल्डाब्रा बेटांवरून इथे आणली गेली, आणि आता ती पाहुण्यांच्या पायांत घोटाळत फिरतात. मोठा नर अडीचशे किलोपर्यंत भरतो. मागून जाऊन पाठीवर हात ठेवलात तर मोठ्याने फुस्स आवाज येतो आणि मान आत जाते. तो राग नाही. मान आत ओढताना फुप्फुसातली हवा बाहेर पडते. पण याचा अर्थ तुम्ही त्याला दचकवलंत. समोरून, सावकाश जा आणि रक्षकाने हो म्हटल्यावर मानेखाली बोटांनी हलकं खाजवा. तो चारही पाय ताठ करून उभा राहतो, मान जितकी जाईल तितकी लांबवतो आणि अर्धवट डोळे मिटतो. पान भरवताना बोटं लांब ठेवा, कारण पान कुठे संपलं आणि बोट कुठे सुरू झालं हे त्याला कळत नाही. मुलांना पाठीवर बसवणं तर अजिबात नको, फोटो कितीही गोड येत असला तरी.

रंगीत प्रवाळांची बाग बघायला जाणं

हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. १९९८ साली समुद्राचं पाणी तापलं आणि सेशेल्सच्या मुख्य बेटांभोवतीचं बहुतांश जिवंत प्रवाळ पांढरं पडून मेलं. सावरत होतं तोवर २०१६ मध्ये पुन्हा तेच झालं. त्यामुळे प्रास्लिनजवळच्या सँ पिएरच्या छोट्या खडकाभोवती पाण्यात उतरल्यावर रंगांची उधळण दिसेल अशी अपेक्षा असेल तर पदरी निराशा येईल. मासे बघायला उतरा. ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांच्या आडोशाने माशांचे थवेच्या थवे असतात, आणि नशिबात असेल तर खाली चरणारं कासव. त्याच्या वर तरंगू नका, त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. बाजूने आणि अंतर ठेवून पोहा. पाठलाग केलात तर तुमच्यापेक्षा ते फार वेगाने जातं.

मास्कमध्ये सारखं पाणी येत असेल तर आधी पट्टा आणखी घट्ट करण्याचा मोह टाळा. बहुतेक वेळा कडेखाली केस अडकलेले असतात किंवा मिशी आड येते. काचेवर वाफ धरत असेल तर आतून थुंकी चोळून विसळा. ऐकायला कसंतरी वाटतं, पण काम होतं.

पाठ आणि पोटऱ्या हमखास भाजतात, कारण पाणी थंड लागतं आणि ऊन जाणवत नाही. क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट कितीतरी बरा.

ओहोटीला सूर्स दार्जांवर पोचणं

ला दीगवरचा आन्स सूर्स दार्जां हा जगातल्या सर्वाधिक फोटो काढल्या गेलेल्या किनाऱ्यांपैकी एक. तिथे प्रवाळाच्या बांधाच्या आतलं पाणी मुळातच उथळ. ओहोटीला गेलात तर घोट्याएवढ्या पाण्यात प्रवाळाचे तुकडे आणि समुद्री साळू (काटेरी सी-अर्चिन) चुकवत उभं राहावं लागतं. पोहायचं तर भरतीच्या आगेमागे जा. किनाऱ्याच्या कडेने पुढच्या वळणांपर्यंत चालत जायचं असेल तर मात्र ओहोटी धरा, कारण भरतीला वाट पाण्याखाली जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक ठळक जाणवतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालच्या पाहुण्याने सांगितलेल्या वेळेवर विसंबू नका. किनारा पश्चिमेकडे आहे, दुपारनंतर शिळांवर ऊन येतं, फोटोवाल्यांनी तेही जुळवून बघावं. आत जायला ल्यूनियन इस्टेटचं प्रवेशशुल्क आहे.

पायात रबरी तळाचे बूट घालाच. साळूचा काटा गेला किंवा दगडासारख्या दिसणाऱ्या स्टोनफिशवर पाय पडला तर वेदना असह्य असते. सोसवेल तितक्या गरम पाण्यात, म्हणजे ४५ अंशांच्या आसपास, पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. मात्र पाण्याचा अंदाज दुसऱ्याच्या हाताने घ्या, कारण दुखऱ्या पायाला भाजल्याचं कळत नाही. स्टोनफिशची नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठा, गरम पाणी तिथे पोचेपर्यंतच. प्रास्लिन आणि ला दीगवर छोटी रुग्णालयं आहेत, मोठं माहेवर, राजधानी व्हिक्टोरियात.

किरकोळ, पण अडवणाऱ्या गोष्टी

व्हिसा लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण निघण्याआधी ऑनलाइन प्रवास परवानगी काढावी लागते आणि ती विमानतळावर चेक-इनलाच मागतात. प्लगला चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश अडॅप्टर लागतो. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच पाणी-फळं भरून ठेवा. बोटवाले बरेचदा युरोत भाव सांगतात, छोट्या खरेदीसाठी तिथले रुपये जवळ असू द्या. तारांवर आणि झाडांमधे तळहाताएवढे कोळी दिसतील, निरुपद्रवी आहेत.

आठवण म्हणून कोको द मेर घ्यायचं असेल तर जपून. हे नारळासारखं दिसणारं बी वनस्पतीजगतातलं सगळ्यात जड, आणि ते नैसर्गिकरीत्या फक्त प्रास्लिन आणि क्युरियूजवर होतं. अधिकृत शिक्का आणि परवान्याचा कागद असेल तरच घ्या, आणि तो कागद हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. रस्त्यावर कुणी स्वस्तात देऊ केलं तर ते विमानतळावर जप्त होणार हे धरून चाला. कासवाच्या पाठीपासून केलेल्या वस्तू तर कुठल्याच कागदावर नेता येत नाहीत.

स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्या. बेटांमधलं छोटं विमानही यात धरा. आणि परतीच्या विमानाच्या दिवशीच ला दीगहून निघून दोन बोटी बदलत माहे गाठण्याचा बेत करू नका. आदल्या दुपारी माहेला या आणि शेवटची रात्र विमानतळाच्या बेटावरच काढा.