उरलेल्या भ्रूणांसाठी संमती कशी घ्यावी

आयव्हीएफनंतर (प्रयोगशाळेत बीजांड फलित करण्याच्या उपचारानंतर) उरलेले भ्रूण स्टेम सेल (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) संशोधनाला हवे असतील, तर आधी नैतिक समितीची लेखी मंजुरी घ्या. संमती दोन टप्प्यांत घ्यावी. भ्रूण उपचारासाठी नको, हा निर्णय जोडप्याने आधी स्वतंत्रपणे घ्यायचा. संशोधनाचा विषय त्यानंतरच काढायचा. उपचार करणारा डॉक्टर आणि संशोधक एकच व्यक्ती नसावी, नाहीतर नकार देणे रुग्णाला जड जाते.

संमतीच्या अर्जात पुढील गोष्टी सरळ भाषेत हव्यात: पेशी काढताना भ्रूण नष्ट होतो, त्यांपासून तयार झालेली सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढत राहणारा पेशींचा साठा) वर्षानुवर्षे टिकते, इतर प्रयोगशाळांत जाते, तिच्यातून व्यापारी उत्पादनही निघू शकते, भ्रूण देणाऱ्या जोडप्याला त्यात वाटा नसतो. भ्रूणासाठी मोबदला देऊ नये. संमती कधीपर्यंत मागे घेता येईल, तेही लिहा. सेल लाइन वाटली गेल्यावर ती परत बोलावणे जवळपास अशक्य असते.

भ्रूण दुसऱ्या कुणाच्या बीजांडापासून किंवा शुक्राणूपासून बनला असेल, तर हमखास राहून जाते ती त्या दात्याची संमती. जोडप्याची सही पुरेशी वाटते, पण जनुकीय माहिती दात्याचीही असते, आणि ही त्रुटी उशिरा सापडली तर चांगली सेल लाइनही वापराबाहेर जाते. म्हणून भ्रूण गोठवतानाच दात्याच्या संमतीची नोंद तपासा.