‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ वाचनगटात कशी वाचावी

हार्पर ली यांची ही कादंबरी १९६० साली आली आणि १९६१ मध्ये तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. गोष्ट अशी: गोऱ्या मेएला युएलला मारहाण आणि तिच्यावर बलात्कार केल्याचा खोटा आरोप टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय माणसावर येतो, त्याचा खटला गोरा वकील ॲटिकस लढवतो आणि हे सगळं त्याची लहान मुलगी स्काउट सांगते. वाचनगटात ती घेतली की चर्चा बहुतेक वेळा एकाच वाक्याभोवती फिरत राहते. दुसऱ्याच्या कातडीत शिरून थोडं फिरून आल्याशिवाय माणूस कळत नाही, असं ॲटिकस तिसऱ्या प्रकरणात स्काउटला सांगतो. सगळे माना डोलावतात आणि पुस्तक मिटलं जातं. पण याच पुस्तकात दुसऱ्याबद्दल वाईट वाटलं, एवढं बोलून दाखवल्यामुळे एका माणसाची बाजू कोसळते. गट तिथपर्यंत पोचला, तरच वाचन झालं असं समजावं.

गट सहा ते दहा जणांचा असावा. दर आठवड्याला दीड तासाची एक, अशा सहा बैठका ठेवाव्यात. एकूण ३१ प्रकरणांची वाटणी अशी: १ ते ७, ८ ते ११, १२ ते १६, १७ ते २१, २२ ते २६, २७ ते ३१. वेळ कमी आहे म्हणून पहिली अकरा प्रकरणं गाळून थेट खटल्यावर उडी मारू नये. घराबाहेर न पडणाऱ्या शेजाऱ्याचं, बू रॅडलीचं घर, झाडाच्या ढोलीतल्या भेटवस्तू हे सगळं पोरखेळ वाटतं खरं, पण न पाहिलेल्या माणसाबद्दल अख्खं गाव कशी गोष्ट रचतं याची ती तालीम आहे. कोर्टात तीच सवय जिवावर उठते.

१९६२ चा चित्रपट वाचन संपेपर्यंत बघू नये. त्यात अलेक्झांड्रा आत्या नाही आणि शेजारची म्हातारी मिसेस डुबोस जेमतेम दिसते. शिवाय एकदा ॲटिकसच्या भूमिकेतला ग्रेगरी पेक डोळ्यांसमोर बसला की ॲटिकसवर शंका घेणं जड जातं.

पहिल्याच बैठकीत फळ्यावर दोन काळ लिहावेत. कथा घडते १९३३ ते १९३५ मध्ये, अलाबामातल्या मेकॉम्ब या काल्पनिक गावात. पुस्तक आलं १९६० मध्ये, म्हणजे बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीत झालेल्या बहिष्कारानंतर. पहिल्या काळासाठी स्कॉट्सबरो खटल्याची दहा मिनिटं माहिती द्यावी. १९३१ मध्ये अलाबामात नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर दोन गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप झाला. १९३३ मध्ये न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी त्यांतल्या एकाला दोषी ठरवणारा ज्युरीचा निकाल रद्द केला आणि पुढच्याच वर्षी ते निवडणुकीत पडले. कादंबरी म्हणजे त्या खटल्याची नक्कल नव्हे. पण न्यायाची बाजू घेणाऱ्याला काय मोजावं लागे, हे हॉर्टन यांच्यावरून कळतं.

आता भाषेचं. मूळ इंग्रजीत कृष्णवर्णीयांसाठी एक शिवी आहे आणि त्या काळी सभ्य मानला जाणारा एक वेगळा शब्द आहे. मराठीत वाचताना दोन्ही ‘काळा’मध्ये विरघळण्याचा धोका असतो. मग कोण कुठे घसरतो ते दिसतच नाही. शिवी मोठ्यानं वाचू नये, तिथे क्षणभर थांबून पुढे जावं. मात्र ती कोण वापरतं आणि स्काउटला ती वापरू नकोस असं नवव्या प्रकरणात कोण बजावतं, याची नोंद समासात ठेवावी.

दुसऱ्या बैठकीत दहावं आणि अकरावं प्रकरण जोडीनं वाचावं. दहाव्यात ॲटिकस पिसाळलेल्या कुत्र्याला एका गोळीत पाडतो आणि मुलांचा ऊर अभिमानानं भरून येतो. अकराव्यात मिसेस डुबोस मरणापूर्वी मॉर्फिनच्या व्यसनातून सुटण्यासाठी तडफडते. ॲटिकसच्या लेखी खरी शूर तीच. पण हीच बाई त्याच्याबद्दल वर्णद्वेषी गरळ ओकत असते. ‘शूर आणि अन्यायी, दोन्ही एकाच देहात?’ हा प्रश्न टाकून सूत्रधारानं गप्प बसावं. घाईनं तिला माफ करणारे आणि घाईनं मोडीत काढणारे, दोघांनाही पुन्हा पानांकडे वळवावं.

चौथी बैठक सगळ्यात महत्त्वाची. तिला दोन तास द्यावेत आणि सुरुवात भावनेनं नव्हे तर पुराव्यानं करावी. दोघांना समोरासमोर उभं करा. एकानं डावा हात हवेतच, न लावता, समोरच्याच्या चेहऱ्याकडे न्यावा. तो समोरच्याच्या उजव्या गालाशी पोचतो. शेरीफ टेट आधी डावी बाजू म्हणतो, मग दुरुस्त करून सांगतो की मार मेएलाच्या उजव्या डोळ्याला होता. मेएलाचा बाप बॉब युएल कोर्टात डाव्या हातानं सही करतो. टॉम रॉबिन्सनचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनमध्ये सापडून निकामी झालेला. गळ्यावर बोटांचे वळ सगळीकडून होते, म्हणजे दोन्ही हात लागतात. आणि डॉक्टरला कोणीच बोलावलेलं नव्हतं. हे पाच मुद्दे प्रत्येकानं स्वतःच्या हातानं लिहावेत. ते लिहिले नाहीत तर ‘बिचारा टॉम’ एवढ्यावर चर्चा संपते. ज्युरीनं काय डोळ्यांआड केलं ते कळलं की अन्यायाचं माप हाती येतं.

मग एकोणिसावं प्रकरण हळू वाचावं. फुकट कामं का करून दिलीस, असं सरकारी वकील गिल्मर विचारतो. टॉम म्हणतो, मला तिच्याबद्दल वाईट वाटलं. कोर्टात चलबिचल होते. इथे मराठी वाचकाला एक सोय आहे. ‘तिच्याबद्दल वाईट वाटलं’ आणि ‘तिची कीव आली’ ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहा. पहिल्यात माणूस शेजारी उभा असतो, दुसऱ्यात वरून बघत असतो. टॉम पहिलं बोलतो, ज्युरी दुसरं ऐकते. कृष्णवर्णीय माणसानं गोऱ्या बाईबद्दल वाईट वाटून घ्यायचं, म्हणजे तिच्यापेक्षा वर उभं राहायचं. तो गुन्हा त्या कोर्टाला आरोपाहून मोठा वाटतो. मेएला खोटं बोलते असंही टॉम म्हणत नाही, तिची समजूत चुकते आहे असं म्हणतो. खरं बोलतानाही त्याला शब्द किती जपून ठेवावे लागतात, तेही टिपून घ्या.

याच प्रकरणात गिल्मरचा तुच्छ सूर ऐकून स्काउटचा मित्र डिल याला रडू कोसळतं आणि स्काउट त्याला म्हणते की शेवटी तो निग्रोच आहे ना. तिसऱ्या प्रकरणातला धडा मिळालेली हीच मुलगी. अनेक गट हे वाक्य संकोचानं ओलांडून जातात. तसं करू नका. वर्णव्यवस्था चांगल्या घरातल्या लेकरापर्यंत कशी झिरपते, हे त्याच एका ओळीत दिसतं.

धैर्याची चर्चा पाचव्या बैठकीपर्यंत राखून ठेवावी. कागदावर तीन रकाने आखा: कोणी, काय केलं, काय गमावलं असतं. ॲटिकस भराभर भरला जाईल. मग बाकीचे शोधा. नवख्या वकिलाऐवजी ॲटिकसला नेमणारा न्यायाधीश टेलर. भर कोर्टात उठून टॉमची बाजू घेणारा आणि बाहेर काढला गेलेला टॉमचा मालक लिंक डीस. सुटकेसाठी अडून बसलेला ज्युरीतला, गरीब शेतकरी कनिंगहॅमांपैकी एक. शेवटी टॉमचं नाव लिहा आणि तिसरा रकाना पुन्हा बघा. टेलर आणि डीस यांना गप्प बसण्याची मुभा होती. टॉमला ती नव्हती.

या पुस्तकावर गंभीर आक्षेप आहेत आणि ते गटासमोर मांडलेच पाहिजेत. ॲटिकसच्या घरची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण कॅल्पर्निया आणि टॉम यांचं मन आपल्याला आतून कधी दिसत नाही, आणि वाचवणारा गोराच असतो. आक्षेप बरोबर आहे. तो पुस्तक टाकून देण्याचं कारण मात्र मानू नये, वाचनाचं काम मानावं. शेवटच्या बैठकीसाठी प्रत्येकानं टॉमची बायको हेलन रॉबिन्सन हिच्या बाजूनं एक पान लिहून आणावं. आधार २७ व्या प्रकरणाचा. टॉम गेल्यावर युएलांचं घर टाळण्यासाठी ती जवळजवळ मैलभर वळसा घालून कामावर जाते. लिहिणारे सहसा तिला फक्त रडवतात. त्यांना अट घाला: अश्रू नकोत. वळसा किती लांबचा, पहाटे किती लवकर निघावं लागतं, पोरं कोणाकडे, एवढंच लिहा.