एडीएचडी असताना सहा महिन्यांचं काम कसं आखावं

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. एका चित्रात बुडून जायला मला काहीच कष्ट पडत नाहीत. पण ‘सहा महिन्यांत अख्खं पुस्तक’ असं कुणी म्हटलं की त्या सहा महिन्यांचं चित्र मात्र डोक्यात उमटत नाही. हा आळस नव्हे. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि कामांची आखणी करणं अवघड करणारी मेंदूची अवस्था. मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांच्या मते तीत माणसाला काळच नीट दिसत नाही. जवळचं ठळक, लांबचं धूसर. शिवाय एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टीही कमी. म्हणून आराखडा डोक्यात ठेवायचाच नाही, भिंतीवर लावायचा.

मोठा कागद घ्या. ॲप नको, कारण स्क्रीन बंद झाली की आराखडाही नजरेआड होतो आणि मग मनाआड. सहा महिन्यांचे 26 चौकोन आखा, दर आठवड्याला एक. प्रवास, परीक्षा, दुसरी कामं यांत जाणारे आठवडे आधीच रेघा मारून भरून टाका. उरले ते तुमचे. ते बघून पोटात गोळा येतो, पण तो पहिल्याच दिवशी आलेला बरा.

आता शेवटच्या चौकोनात शेवट लिहा, आणि तो डोळ्यांना दिसेल असा लिहा. ‘पुस्तक पूर्ण’ असं नको. ‘सगळी चित्रं स्कॅन होऊन संपादकांकडे पोचली’ असं. तिथून मागे या, आणि प्रत्येक पायरी एकेका चिठ्ठीवर लिहून तिच्या चौकोनात लावा. त्याआधी काय झालेलं हवं? रंगकाम. त्याआधी? पेन्सिलची रेखाटनं मंजूर. त्याआधी? कुठल्या पानावर काय, हे ठरलेलं. सुरुवातीकडून निघालं की प्रत्येक पायरीला दहा फाटे फुटतात आणि आपण त्यातल्या सगळ्यात मजेदार फाट्याने जातो. मी तर एका पक्ष्याच्या पिसांचा अभ्यास करत बसेन. शेवटाकडून मागे येताना ज्यावाचून अडतं तेवढंच समोर येतं.

काहींना शेवटच दिसत नाही, सुटे तपशील मात्र ढीगभर सुचतात. त्यांनी उलट करावं. जे सुचेल ते एकेका चिठ्ठीवर लिहून जमिनीवर पसरा, एकमेकींशी नातं असलेल्या चिठ्ठ्या जवळ सरकवा आणि मग प्रत्येक गटाला नाव द्या. ती नावं म्हणजेच कामाचे मोठे टप्पे. मोठं चित्र असं खालून वरही उभं राहतं, आणि ते तितकंच पक्कं असतं.

किती वेळ लागेल, याचा अंदाज मनाने करू नका. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमोस ट्व्हर्स्की यांनी 1979 मध्येच मांडलं की माणसं असे अंदाज हमखास कमी करतात, आणि त्यासाठी एडीएचडी असावाच लागत नाही. मागच्या तशाच कामाला खरोखर किती वेळ गेला होता ते शोधा आणि तोच आकडा घ्या.

मधल्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी वाट बघणारं हवं. मी संपादकांकडून मधल्या तारखा मागून घेते आणि कच्चं असलं तरी त्या दिवशी पाठवते. स्वतःला दिलेली तारीख माझ्यावर चालत नाही. दुसऱ्याला दिलेली चालते.

आठवड्यातून एकदा कागदासमोर उभे राहा, शक्य असेल तर कुणाला तरी फोनवर सोबत घेऊन. ही वेळ एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधा: ‘रविवारी अंघोळ झाली की कागद.’ ‘अमुक झालं की तमुक’ या रचनेवर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी बरंच संशोधन केलं आहे, आणि नुसत्या निश्चयापेक्षा ती जास्त टिकते.

औषधांनी लक्ष टिकायला मदत होते, पण आखणीचं कौशल्य बहुधा वेगळं शिकावं लागतं. प्रौढांच्या एडीएचडीसाठी असलेल्या वर्तन-विचार उपचारांत (सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे समुपदेशन) हेच शिकवतात. तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

एखादा आठवडा कोरा गेला तर नवा कागद आणू नका. चिठ्ठी उचलून पुढच्या चौकोनात लावा आणि त्या टप्प्याची वाट बघणाऱ्याला त्याच दिवशी कळवा.