जुन्या लॅपटॉपसाठी वायफाय कार्ड घेताना

घरात शंभर एमबीपीएसचं फायबर आहे, मोबाइल सुसाट चालतो आणि जुना लॅपटॉप मात्र रडतखडत, असं असेल तर आधी एक साधी तपासणी करा. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्या वेगवान बँडवर लावा. लॅपटॉपच्या यादीत त्याचं नाव आलंच नाही, तर बहुधा लॅपटॉपचं वायफाय कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवालं, म्हणजे संथ बँडचं आहे. मग बदलण्यात अर्थ आहे. पण साताऱ्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यात राहत असाल आणि मधे दगडी भिंत असेल, तर ५ गिगाहर्ट्झ तिच्यापुढे हात टेकतं. तिथे कार्डापेक्षा राउटरची जागा बदला किंवा सरळ लॅन केबल ओढा.

आता लॅपटॉप बंद करून चार्जर आणि बॅटरी काढा, मागचं झाकण उघडा. अँटेनाच्या दोन बारीक वायरी, बहुतेक काळी-पांढरी, जिथे टोचलेल्या दिसतील ते कार्ड. पट्टी घेऊन मोजा. रुंदी ३ सेंटिमीटर असेल तर मिनी पीसीआय एक्स्प्रेस: लांबी ५ च्या आसपास म्हणजे फुल, २.७ म्हणजे हाफ. रुंदी २.२ आणि लांबी ३ असेल तर एम डॉट टू. लेबलचा फोटो काढून ठेवा.

हाफ मिनीसाठी इंटेल ७२६० हे जुनं पण भरवशाचं कार्ड. मात्र त्याचा नुसता ‘एन’, म्हणजे जुन्या, संथ वायफायचा प्रकारही मिळतो. लेबलवर ‘ड्युअल बँड एसी’ वाचूनच घ्या. एम डॉट टू असेल आणि ६४ बिट विंडोज १० असेल, तर इंटेलचंच एएक्स२००. एएक्स२०१ दिसायला तसंच, पण ते ठरावीक इंटेल चिपसेटवरच चालतं. जुन्या मशीनला ते फुकट दिलं तरी नको.

खरी गोम बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असते. जुने थिंकपॅड आणि एचपीचे बरेच मॉडेल कंपनीच्या यादीतलंच कार्ड स्वीकारतात. दुसरं लावलं की थिंकपॅड १८०२ आणि एचपी १०४ नंबरचा एरर दाखवून अडून बसतो. म्हणून आपल्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल उघडा, त्यातल्या कार्डांचे पार्ट नंबर बघा (थिंकपॅडला एफआरयू नंबर) आणि तोच नंबर असलेलं कार्ड शोधा. वापरलेलं असलं तरी चालेल.

बसवताना अँटेनाच्या वायरीच्या टोकाची टोपी नखाने सरळ वर उचला, वायर ओढू नका. मिनी कार्डाची टोपी एम डॉट टूवर बसत नाही, एम डॉट टूची टोपी तिच्याहून लहान असते. जोर लावलात तर कार्डावरचा खिळाच मोडतो. ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.

एवढी उघडझाप नको असेल तर यूएसबी डोंगल आहेच. नखाएवढं १५० एमबीपीएसवालं मात्र घेऊ नका, ते पुन्हा २.४ चंच. पोवई नाक्याकडे दुकानात घेणार असाल तर बॉक्सवर ‘ड्युअल बँड’ लिहिलंय का बघा, आणि चाललं नाही तर परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारा.