100 हर्ट्झच्या घूं आवाजासाठी पातळ अकूस्टिक मेटामटेरियल कसं डिझाइन करायचं

बिल्डिंगजवळच्या डीपीचा जो सतत घूं घूं आवाज येतो ना, तो आपल्याकडे 100 हर्ट्झचा असतो, कारण लाइन 50 हर्ट्झची आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक सायकलमध्ये दोनदा ताणला जातो. हवेत या आवाजाची तरंगलांबी जवळपास 3.4 मीटर. ग्लासवूल किंवा फोम लावायला गेलात तर नीट काम करायला पाव तरंगलांबी, म्हणजे 85 सेंटीमीटर जाडी लागते, आणि तेवढी जागा कुणाच्या खोलीत असते! आपल्याला हेच काम 4-5 सेंटीमीटरमध्ये करायचंय, आणि ते अकूस्टिक मेटामटेरियलने होतं, म्हणजे ज्याचा गुण पदार्थातून नाही तर आतल्या छोट्या छोट्या रचनेतून येतो. एक मात्र आधीच क्लिअर ठेवा, हे खोलीत आलेला आवाज शोषतं, बाहेरचा आवाज अडवत नाही, त्यासाठी जड भिंत आणि बंद फटीच लागतात.

त्या रचनेतला मूळ ठोकळा म्हणजे हेल्महोल्ट्झ रेझोनेटर. बंद डबी, तिला एक बारीक नळी. नळीतली हवा म्हणजे वजन, डबीतली हवा म्हणजे स्प्रिंग. फॉर्म्युला सोपा आहे: नळीचं क्षेत्रफळ भागिले (डबीचं घनफळ गुणिले नळीची लांबी), त्याचं वर्गमूळ, गुणिले आवाजाचा वेग, भागिले 2π, की रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी मिळते. लांबीत एंड करेक्शन (टोकांबाहेरची थोडी हवाही हलते, तिची जादा लांबी) धरायचंच, बाहेरच्या टोकाला त्रिज्येच्या 0.85 पट आणि आतल्या मोकळ्या टोकाला 0.61 पट, नाहीतर फ्रिक्वेन्सी सरळ चुकते.

आता आकडे टाकून बघू. डबी आतून 10 बाय 10 सेंटीमीटर, खोली 4 सेंटीमीटर, तापमान 20 अंश. 6 मिलिमीटर व्यासाची नळी घेतली तर लांबी साधारण 17 मिलिमीटर येते, सरळच बसते. पण फक्त फ्रिक्वेन्सी जुळून भागत नाही, नळीच्या भिंतीशी हवा घासून जो रेझिस्टन्स तयार होतो तो बाहेरच्या हवेच्या इम्पीडन्सशी (आवाजाला होणाऱ्या विरोधाशी) मॅच व्हायला हवा, कमी पडला तरी आवाज परत जातो आणि जास्त झाला तरी परत जातो. हिशोब करताना नळीचा रेझिस्टन्स भागिले छिद्राच्या क्षेत्रफळाचं डबीच्या समोरच्या बाजूच्या क्षेत्रफळाशी असलेलं प्रमाण, हे 413 पास्कल-सेकंद प्रति मीटरच्या, म्हणजे हवेच्या इम्पीडन्सच्या आसपास आलं पाहिजे. 6 मिलिमीटरला ते जवळजवळ नेमकं जुळतं, 10 मिलिमीटरची नळी घेतली तर घर्षण कमी पडतं.

मग अजून पातळ का नाही? करता येतं. खोली 2 सेंटीमीटर केली तर 10 मिलिमीटर व्यासाची, जवळपास 11 सेंटीमीटर लांब नळी लागते आणि ती आत वळवून बसवावी लागते. हीच कॉइल करायची युक्ती. 2016 मध्ये ली आणि असुआर यांनी अशीच हवेची वाट सपाट गुंडाळून 12.2 मिलिमीटर जाडीत 125.8 हर्ट्झ शोषणारं डिझाइन मांडलं. पण इथे किंमत मोजावी लागते ती बँडविड्थमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या किती रुंद पट्ट्यात शोषण होतं त्यात. माझ्या हिशोबाने 4 सेंटीमीटरच्या डबीला सुमारे 15 हर्ट्झचा पट्टा मिळतो आणि 2 सेंटीमीटरच्या डबीला फक्त 7. म्हणून जाडी ठरवायच्या आधी पट्टा किती हवा ते ठरवा, बाकी सगळं त्यानंतर.

डीपीचा सूर पक्का असतो मग 7 हर्ट्झ पुरतील असं वाटतं, पण तापमान विसरू नका. 20 वरून 40 अंशांवर गेलं की आवाजाचा वेग वाढतो आणि रेझोनन्स 100 वरून साधारण 103.5 ला सरकतो. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात 2 सेंटीमीटरवालं पॅनल 100 हर्ट्झला निम्म्यावर येईल, 4 वालं 80 टक्क्यांच्या आसपास टिकेल. मी तरी 4 च घेईन आणि डिझाइन 30 अंश धरून करेन. अजून रुंद पट्टा हवा असेल तर थोड्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या डब्या शेजारी शेजारी लावा, पण मग प्रत्येकीच्या वाट्याला जागा कमी येते त्यामुळे रेझिस्टन्स परत जुळवावा लागतो.

थ्री-डी प्रिंट करणार असाल तर भिंती किमान 3 मिलिमीटर जाड ठेवा आणि आतून इपॉक्सीचा हात मारा, लेयरमधून हवा झिरपली की रेझोनन्स खलास. चेक करायला डबी पाण्याने भरा, बाहेरच्या बाजूला ओल दिसली तर लीक आहे, आणि तेच पाणी मापात ओतलं की खरं घनफळही कळतं (आतल्या नळीने खाल्लेली जागा त्यात आपोआप वजा होते).

मोजायला 18 मिलिमीटर एमडीएफचा आतून 10 बाय 10 चा लांब चौकोनी डक्ट बनवा, एका टोकाला स्पीकर, दुसऱ्याला डबी, मध्ये 20 सेंटीमीटर अंतरावर दोन माइक. दोन माइकच्या सिग्नलची तुलना केली की डबीवरून किती आवाज परत येतो आणि किती शोषला जातो ते निघतं. माइकची अदलाबदल करून दोनदा मोजा म्हणजे त्यांच्यातला फरक निघून जातो. शोषणाचा पीक 104 हर्ट्झला आला तर नळीची एंड करेक्शनसकट धरलेली लांबी 8 टक्के, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर वाढवायची, त्यासाठी नळी वेगळी प्रिंट करून आट्यांवर बसवलेली बरी. पीक जागेवर आहे पण 0.9 च्या वर जात नाही (1 म्हणजे पूर्ण शोषण) असं झालं तर रेझोनन्सला रिफ्लेक्शनच्या, म्हणजे परत येणाऱ्या आवाजाच्या गुणांकाचं चिन्ह बघा. धन असेल तर घर्षण जास्त आहे, नळी थोडी रुंद आणि लांब करा, ऋण असेल तर उलट.