मोहाचा तास घेण्याआधी

9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, मी एकदा सातवीतल्या एका गोंड मुलीला म्हटलं होतं, ‘तुला शिकवायची गरजच नाही, तूच पुढं नाच.’ मोरपिसं आणि पानांचा पोशाख मी बाजारातून आणला होता. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिची आई मात्र आली. फाटकाशीच उभी राहून तिनं विचारलं, “मॅडम, आम्ही घरी असेच राहतो का जी?”

तेव्हापासून नाच बंद. आता विज्ञानाच्या तासाला फूल ते फळ हा भाग मी मोहाच्या झाडावर घेते आणि शिकवायला त्या मुलीची आजी येते, रामटेककडच्या गावातून.

तुम्हालाही असा तास घ्यायचा असेल तर आधी शिकवायला येणाऱ्या माणसांच्या घरी जा, तेही वही न उघडता. पोरांना काय सांगायचं नि काय नाही, ते त्यांनाच ठरवू द्या. आजी मोहावर तासभर बोलली, पण पेनाचं, म्हणजे त्यांच्या देवाचं, विचारताच तिनं चहा ठेवला. मी समजले. औषधी मुळ्यांचंही तेच: कोणती मुळी कशावर, हे पोरांच्या वह्यांत उतरवून घेऊ नका. ते ज्ञान गावाचं आहे, म्हणून गावालाच विचारायचं. मार्च-एप्रिलात बोलावू नका, पहाटे मोह वेचायचे दिवस असतात. येण्याजाण्याचं भाडं आणि दिवसाची रोजी द्या. शाल-श्रीफळानं रोजी भरून निघत नाही.

वर्गात खुर्ची आजीला, मी बाकावर. आजीनं वाळलेली फुलं पोरांच्या हातावर ठेवली. ‘फूल पडते, पण फळ झाडावरच धरते,’ ती म्हणाली. एक पोरगा अडला, फूलच पडलं तर फळ कुठून? मग फळ्यावर आकृती काढली. गळतो तो पाकळ्यांचा गरदार भाग, अंडाशय फांदीवरच राहतं. म्हणून खाली पडलेली फुलं वेचली तरी फळ कमी होत नाही. इथं ‘बघा, विज्ञानानंही मान्य केलं’ असं म्हणायचा मोह आवरा (हा दुसरा मोह).

मोहाच्या दारूवरून कुणीतरी हसणारच. मोहाचे लाडू आणि बियांचं तेलही त्याच दमात सांगा.

‘पूर्वी गोंड लोक’ अशी सुरुवात नको. ते आजही वेचतात, आणि आपलं नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजाच होता. गोंडीला मराठीची बोली म्हणू नका, ती तेलुगूसारखी द्राविडी भाषा. फळ्यावर निदान दोन शब्द लिहा: येर म्हणजे पाणी, मरा म्हणजे झाड.

तास संपला की पोरांनी लिहिलेलं वाचून दाखवा. ‘फुलं दिसावीत म्हणून झाडाखाली आग लावतात,’ असं एकानं लिहिलं होतं. आजीनं थांबवलं. “आधी पाला झाडून बुडापासून दूर ओढतो, मग पेटवतो. बुडाले आच लागू देत नाही. हे लिही.”